न धुतलेला पंप

"हात लावू नकोस! एकाही काठीला हात लावलास तर बघ!"

धाकटा दीर जागच्या जागी थांबला. एक पाय बांधावर, एक पाय वहिनीच्या रानात. बिचारा डोक्याला फडकं गुंडाळून, हातात कोयता घेऊन मदतीला आला होता.

"वहिनी, एवढ्या काठ्या उपटायच्या, सुतळ्या सोडायच्या. एकटीनं कसं होईल?"

"होईल. वाटोळं करताना तुला कुणाची मदत लागली होती का? मग निस्तरताना मला कशाला हवी?"

हे बोलणं विहिरीवरच्या बायकांनी ऐकलं, आणि विहीर काही जवळ नव्हती. वहिनीचा आवाजच तसा. गाव तिला मागून 'भोंगा' म्हणायचं आणि ते तिला ठाऊक होतं. कुणाची गुरं दूर भरकटली की माणसं तिच्या दारात यायची, "वहिनी, जरा एक हाक मारा की." ती मारायची. गुरंच काय, गुराखीसुद्धा दचकून परत यायचा.

धाकट्यानं पाय मागे घेतला आणि तो खाली मान घालून निघून गेला. वहिनी पुन्हा टोमॅटोच्या झाडांकडे वळली.

जळालेलं पीक एका दमात तरी मरतं. ही झाडं आधी पिळवटली होती. शेंडे खाली वळले, पानं आक्रसून कोंबडीच्या पायासारखी झाली, फुलं गळून पडली आणि गोटीएवढी हिरवी फळं देठावरच सुकली. या फळांवर तिच्या नवऱ्याची पाठ अवलंबून होती. माळ्यावरून पडल्यापासून तो माणूस धड उभा राहू शकत नव्हता. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, थंडीच्या आत ऑपरेशन करून घ्या. टोमॅटो निघाले की करू, असं ठरलं होतं. आता टोमॅटो असे निघत होते, मुळासकट.

झालं होतं ते असं. दोन भावांची रानं बांधाला बांध लावून, आणि दोघांत मिळून फवारणीचा एकच पंप, पाठीवर घ्यायचा. सासऱ्यानं जाताना दुसरं फार काही मागे ठेवलं नाही, पण एक नियम घालून गेला. पंप देणाऱ्यानं धुऊन द्यायचा आणि घेणाऱ्यानं तो न हुंगता, न विसळता भरायचा. म्हातारा म्हणायचा, "हुंगून घेतलेली वस्तू भावाची नसते, बाजारातली असते." इतकी वर्षं हा नियम पाळला गेला.

मग एके दिवशी विहिरीवर, चार माणसांत, वहिनीनं धाकट्याला झोडपला. आळशी काय म्हणाली, बायको चार दिवस माहेरी गेली तर याच्या घरात उंदीरसुद्धा उपाशी मरतात काय म्हणाली. माणसं हसली. धाकटाही हसला, पण ते हसू त्याच्या घशाखाली उतरलं नाही. दुसऱ्या सकाळी वहिनी किडीचं औषध मारायला पंप मागायला आली. त्यानं उचलून दिला. आदल्या संध्याकाळी त्याच पंपानं बांधावर तणनाशक मारलं होतं आणि तो धुवायचा राहिला होता, हे त्या घडीला त्याच्या खरंच ध्यानात नव्हतं.

ती गेल्यावर पायरीशी तणनाशकाचा रिकामा डबा दिसला, आणि त्याला कालची फवारणी आठवली. तो चपला घालून बांधापर्यंत गेलासुद्धा. वहिनी पंपात पाणी ओतत होती. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. पण नेमकं तेव्हाच त्याला विहिरीवरचं हसणं आठवलं. 'जिरू दे एकदा,' असं म्हणून तो झाडाखाली बसला. राग उतरून तो उठला तेव्हा वहिनीचं अर्धं रान फवारून झालं होतं. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?

आठवड्यानं पानं वळली. वहिनी थेट औषधाच्या दुकानात गेली आणि भर रस्त्यात दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. गाव गोळा झालं, कुणी दुकानावर दगड टाकायची भाषा करू लागलं. तेव्हा मात्र धाकट्याला राहवलं नाही. गर्दीतून पुढे येऊन त्यानं सगळं सांगितलं. डबा दिसला ते, बांधापर्यंत गेलो ते, झाडाखाली बसलो तेही.

वहिनीनं दुकानदाराची तिथल्या तिथं माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, होतं असं." एका वाक्यात मोकळा झाला. वहिनीला त्याचा हेवा वाटला. त्याचं कुठं काय जळलं होतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खरी अडचण रविवारी आली.

पत्र्याचं छप्पर असलेल्या त्यांच्या छोट्या प्रार्थनाघरात प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणायचे, म्हणजे वहिनी म्हणायची आणि बाकीचे तिच्या आवाजाला धरून चालायचे. त्या रविवारी सगळं नीट चाललं होतं. रोजच्या भाकरीचं मागणं झालं. पुढची ओळ आली, जिच्यात आपण म्हणतो की आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे, तशी तूही आम्हाला कर. आणि भोंगा बंद पडला. दोर तुटल्यावर पोहरा जसा गचकन खाली जातो तशी सगळी प्रार्थना खाली गेली. कुणी अर्धा शब्द म्हणालं, कुणी खोकलं. शेवटी पाळकबाबांनी एकट्यानं ती कशीबशी तडीला नेली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. वहिनी त्या ओळीशी थांबायची, ओळ उलटली की पुन्हा सूर धरायची, आणि पलीकडे पुरुषांच्या बाजूला धाकटा जमिनीत जायचा.

पाळकबाबांनी तिला दाराशी गाठलं. "वहिनी, ओळ गिळता तुम्ही."

"गिळत नाही बाबा. तोंडात धरून बसते. गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही."

"म्हणत राहा. कधी तोंड पुढे चालतं, मन मागून येतं."

"आणि नाहीच आलं तर? देवाला तोंडावर खोटं सांगू? माझा आवाज पलीकडच्या गावाला ऐकू जातो, त्याला जात नसेल होय?"

बाबा हसले आणि आत वळले. ते गाऊन उपदेश करणारे. साध्या बोलण्यानं जे साधत नाही ते सुरात बांधून आणायचे. पुढच्या रविवारी त्यांनी पेटी ओढली, डोळे मिटले आणि गायला लागले:

"आडवा बांध घातलास दारी,
पाणी कसे येईल तुझ्या शिवारी?"

एकदा गायले, दोनदा गायले, मग थांबून हळूच बोलले, "अरे, वरच्या अंगाला देव पाट सोडून उभा आहे. पाणी कमी नाही. बांध तू घातलास, आणि तहानलेलाही तूच!" पुन्हा पेटी, पुन्हा तीच ओळ. असा गाता उपदेश म्हणजे वहिनीचा जीव की प्राण. एरवी पहिल्या सुरालाच पदर डोळ्यांना जायचा. आज ती ताठ बसून राहिली. अख्ख्या मंडळीत आपल्या एकटीच्याच मापाचं पद बाबांनी शिवून आणलंय, हे काय तिला कळत नव्हतं?

घरी येऊन तिनं भांडी आपटली. नवरा खाटेवर पालथा पडून सुतळ्यांच्या गाठी सोडवत होता.

"तुम्ही तरी काही बोला. तुमची पाठ आहे."

"काय बोलू? तो माझा भाऊ, तू माझी बायको. मी मधला बांध. इकडून तू तुडवतेस, तिकडून तो."

"तुम्ही केली का त्याला क्षमा?"

त्यानं एक गाठ सोडवून सुतळी बाजूला ठेवली. "रोज सकाळी करतो," म्हणाला. "उठताना पाठीत कळ आली की मोडते. मग पुन्हा देवाकडे मागतो. आपल्या घरात तेवढा साठा नाही गं."

वहिनी भांडी घासायला बसली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तिचा तर सुंभही अजून जळायचा होता.

उपटलेली झाडं वाळली तशी एका दुपारी तिनं ती रानाच्या कोपऱ्यात रचून पेटवली. हवा पडलेली होती. धूर सरळ वर जात होता. झाडं तडतडत जळत होती आणि ती काठीनं कडा आत लोटत होती.

मग वारं फिरलं. पेटलेल्या काटक्या उडाल्या आणि बांधापलीकडे जाऊन पडल्या. पलीकडे धाकट्याची चाऱ्याची गंजी होती. वहिनीनं एक ठिणगी गंजीच्या कुशीत शिरताना पाहिली. आधी बोटभर धूर निघाला, मग हातभर. गंजीला लागूनच खुंटाला गाय बांधलेली. धाकटा पार विहिरीकडे, पाठ करून पाणी धरत होता.

तिनं तोंड उघडलं. आणि आवाज काढला नाही.

आवाज बसला नव्हता, घसा सुकला नव्हता. आत कुणीतरी शांतपणे म्हणालं होतं, 'जिरू दे एकदा.' ती काठी टेकवून उभी राहिली. गंजीच्या कुशीतनं जीभ बाहेर आल्यासारखी ज्वाळ आली. गायीनं मान वळवून ती पाहिली, दाव्याला हिसका दिला, आणि वळून थेट वहिनीकडे बघितलं.

तेव्हा वहिनी ओरडली. अशी ओरडली की गावातली दारं उघडली. "आग! धाकट्या, गाय! अरे, गाय सोड!" ओरडत ती स्वतःच बांध ओलांडून धावली, दाव्याला झोंबली. विहिरीवरून माणसं बादल्या घेऊन आली. अर्धी गंजी गेली, अर्धी राहिली. गायीच्या पाठीवरचे केस तेवढे होरपळले.

काळ्या तोंडाचा धाकटा सगळ्यांसमोर वहिनीपुढे आला. त्याच्या डोळ्यांतून धुराचं पाणी वाहत होतं, की कसलं, देव जाणे. "वहिनी, तुझा आवाज होता म्हणून वाचलो. मी तुझं एवढं वाईट केलं, आणि तू..."

"खरी बाई!" कुणी म्हणालं. "वैऱ्याचीसुद्धा गाय सोडवली!"

भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवले. विझलेल्या गंजीतून ऊब येत होती, पण वहिनीला भाजलं ते त्या हातांनी. त्या दिवशी ती तिथून थेट घरी आली. ती जेवली नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "धूर गेलाय पोटात."

सकाळी ती बांधावर गेली. धाकटा उरलेला चारा निवडत होता. कोरडा एकीकडे, भिजलेला एकीकडे.

"धाकट्या, मी आधी पाहिली होती."

"काय?"

"ठिणगी. आत शिरताना पाहिली. आणि उभी राहिले."

त्याचे हात थांबले. "किती वेळ?"

"तू झाडाखाली बसलास तेवढा नाही. पण बसले मी त्याच झाडाखाली."

तिला वाटलं होतं, फिटंफाट झाली म्हणून तो हसेल, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. धाकट्याच्या कानशिलाची शीर उडाली. "गाय बांधलेली होती वहिनी," तो एवढंच म्हणाला. "मुकं जनावर." आणि हातातला चारा तिथंच टाकून निघून गेला.

वहिनी बांधावर बसून राहिली. इतके दिवस तिच्याकडे देण्यासारखी क्षमा तरी होती. मुठीत आवळून धरली होती, पण होती. आता तीच मागणारी झाली. 'देवा,' ती मनात म्हणाली, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या हळू म्हणाली, 'माझ्याकडची पत मी पाहिली. माझ्यानं नाही व्हायचं. तूच बघ.'

रविवारी प्रार्थना सुरू झाली. रोजच्या भाकरीचं मागणं झालं. ओळ आली आणि वहिनी थांबली, पण या खेपेला निराळ्या कारणानं. म्हणायची इच्छा होती, तोंड नव्हतं. मंडळी सवयीनं गप्प झाली. पाळकबाबांनी श्वास घेतला.

आणि पुरुषांच्या बाजूनं एक आवाज आला. गंजलेल्या बिजागरीसारखा, ना ताल ना सूर. लहानपणापासून ज्याला गाण्यात गप्प बसवलं जायचं तो धाकटा, डोळे घट्ट मिटून, एकटाच ती ओळ म्हणत होता. शब्द न् शब्द ओझ्यासारखा उचलत होता. अर्ध्यावर अडखळला. तेव्हा त्याच्या मागून वहिनीचा आवाज आला, भोंग्यासारखा मुळीच नाही, आणि दोघांनी मिळून ओळ संपवली. पाळकबाबांनी पेटीवर हात ठेवला होता, तो तसाच राहू दिला.

बाहेर चपला घालताना वहिनीनं विचारलं, "पंप कुठंय?"

"घरी. राखेनं घासलाय, पाण्यावर पाणी टाकून..."

"माझ्यासमोर पुन्हा धू."

"वहिनी, आत्ताच आत क्षमा म्हटलीस ना?"

"क्षमा म्हटली रे. अक्कल नाही गहाण टाकली."

धाकट्याच्या बायकोला हसू आवरेना. त्यानं पंप धुतला आणि शेवटचं पाणी आपल्याच परसातल्या मिरचीच्या रोपावर मारलं. रोप वळतं की राहतं, हे कळायला दिवस लागणार होते. वहिनी रोज सकाळी काही ना काही निमित्त काढून ते बघून जायची. धाकटाही बघायचा. एका सकाळी दोघांची तिथंच गाठ पडली. रोपाला वर कोवळं पान फुटलं होतं, सरळ, ताठ.

"उद्या पंप ने," धाकटा म्हणाला. विहिरीजवळच्या पट्ट्यात वहिनीनं घेवडा लावला होता. वेलावर माव्याची कीड पडायला लागली होती. त्या घेवड्यावर ऑपरेशन होणार नव्हतं. नवऱ्याच्या पाठीला अजून एक थंडी काढायची होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"धुऊन ठेव," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या कडेला तिनं झाकण उघडलं. नाक आपसूक खाली गेलं. पंपाच्या तोंडाशी येऊन थांबलं. विहिरीकडे धाकटा बादलीनं पाणी ओढत होता आणि मुद्दाम इकडे बघत नव्हता.

वहिनीनं नाक वर घेतलं. "बघ रे बाबा, तुझ्या भरवशावर," ती वर बघून म्हणाली, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी. आणि न हुंगता तिनं पंप भरला.