चहानंतरचा शेवट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. अंग काळं, पोटात दोन चाकं आणि पाठीवर मृणालिनीच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘जिन्यावरची पावलं. शेवट सांगू नये.’ मित्रांनो, ती चिठ्ठी म्हणजे माझा मानाचा तुरा.

१९८६ साली मिशिगनमधल्या ट्रॉय गावी मृणालिनीच्या नवऱ्याने, विनयने, टीव्हीवरचा सिनेमा माझ्यावर उतरवला. एकटी बाई रोज जिन्यावर पावलं ऐकते. मनाचे डॉक्टर म्हणतात, तिथं कुणी नाही. शेवटचं दार उघडलं की आधीचं सगळं उलटंपालटं व्हायचं, भलेभले हुशार तोंडात बोट घालायचे. मी डब्यातून घरोघर जायची. रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून येताना सोबत चकल्या असायच्या. पण शेवट कुणीही फोडला नाही.

विनयचे वडील, अण्णा, सांगलीहून आले होते. सहा वर्षांच्या नातीला, दीपाला, ते रोज सकाळी तिच्यासाठी स्वतः रचलेली ओवी म्हणून दाखवत. ती म्हणे, “आजोबा, आय डोन्ट नो मराठी,” आणि पळून जाई. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं. नातीच्या तोंडून मराठी ऐकायचं राहूनच गेलं होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी अण्णा आणि शेजारचा संजीव मला पाहायला बसले. ऐन शेवटाआधी विनयने मला बाहेर काढलं. मशीन गार होऊ दे, तोवर चहा आणि अंदाज, ही त्या घरची रीतच.

“डॉक्टरच आहे यार, चेहराच बघा ना,” संजीव म्हणाला.

“हट्. बाई स्वतःच चालते जिन्यावर. काय गं मृणालिनी?”

“अण्णा, चहा घ्या,” मृणालिनी म्हणाली.

वाद इतका रंगला की मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाची वेळ टळत आली. टेबलावर मी आणि एक कोरी कॅसेट शेजारी शेजारी. घाईत विनयने मलाच कॅमेऱ्यात घातलं. गुडघा धरल्यामुळे अण्णा घरीच राहिले.

संध्याकाळी सगळे पुन्हा बसले. पावलं वाजली, बाईनं कडीला हात घातला, आणि समोर आली नऊवारीतली दीपा, गणपतीपुढे हात जोडून अण्णांचीच ओवी म्हणत.

“दूर माझं घर, मधी निळं पाणी,
आजोबाची गाणी माझ्या ओठी.”

दीपा आईच्या मागे लपली. “आजोबा, इट वॉज अ सरप्राइज.”

विनय ओशाळला. “सॉरी अण्णा, चुकीची कॅसेट. मी खरा शेवट परत टेप करतो.”

“हात लावशील तर बघ,” अण्णा म्हणाले. “हा शेवट ओळखला होता का रे कुणी?”

माझ्या कडेला प्लॅस्टिकची एक खिट्टी होती. ती मोडली की माझ्यावर पुन्हा काही उतरवता येत नाही. अण्णांनी चमच्याच्या टोकाने ती मोडली आणि दीपाला मांडीवर घेतलं.

आज मी वेस्ट विंडसर गावी, दीपाच्या घरी, फळीवर ताठ उभी आहे. मला लावायला मशीन उरलेलं नाही. तरी दिवाळीआधी धूळ झटकताना ती ओवी गुणगुणते, आणि माझी चाकं आतल्या आत भरून येतात. मित्रांनो, जुनी कॅसेट टाकण्याआधी एकदा शेवटपर्यंत पाहा. वरची चिठ्ठी काहीही म्हणो, आत आपलं माणूस असेल.

आणि जिन्यावर कोण चालत होतं? माझी चिठ्ठी वाचलीत ना तुम्ही.