कराराचे खोटे कलम

चार वाजेपर्यंत चूक सापडली नाही, तर तीन वर्षांचे काम मोडीत काढून सारा प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचा, असे मॅडमनी सकाळीच जाहीर केले. काम कचेरीत सगळे जिला धाकटी म्हणत तिचे होते आणि मॅडम तिच्या सख्ख्या आत्या. पण कचेरीत नाते खुंटीला टांगायचे, हा आत्याचाच नियम.

चूक किरकोळ दिसत होती. कुरिअरच्या वजनकाट्यावर वीस ग्रॅमचे पाकीट ठेवले की पडदा शून्य दाखवी. धाकटीने ‘वजन’ या फंक्शनवर कर्सर ठेवून ते जिथे लिहिले आहे तिथे नेणारी ‘व्याख्येकडे जा’ ही कळ दाबली. कोड लिहायच्या एडिटरने तिला तत्परतेने मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या सुट्या भागाच्या, करारापाशी नेऊन सोडले: ‘वजन’ नावाचे फंक्शन असेल, संख्या घेईल, संख्या देईल. कशी, याबद्दल चकार शब्द नाही. करार पाळणारी मॉड्यूले किती आणि सध्या कामावर कोणते, हे एडिटरच्या गावीही नव्हते.

“घर दाखव म्हटलं, तर हा दारावरची पाटी वाचून दाखवतो,” ती पुटपुटली.

“तरी मी म्हणत होते,” मागून मॅडम. “जिला स्वतःचं फंक्शन सापडत नाही, ती भाषा हवी कशाला?”

“सापडत नाही ते एडिटरला. भाषेला का बोल लावता?”

“वकिली पुरे. साडेतीन वाजलेत.”

मॉड्यूले तीनच, यावर सगळ्यांचे एकमत होते, आणि तिन्ही निर्दोष निघाली होती. एकमत हा पुरावा नव्हे, असे धाकटीचे मत. तिने करारात एक खोटे कलम घुसडले: प्रत्येक मॉड्यूलकडे ‘कबुलीजबाब’ नावाचे फंक्शन असलेच पाहिजे. ते कुणाकडेच नव्हते. आता करार मोडणाऱ्या प्रत्येकाची चुगली करणे कोड तपासणाऱ्या कंपायलरला भाग होते.

त्याने चार चुगल्या केल्या.

चौथे मॉड्यूल ‘तात्पुरते’ नावाच्या फोल्डरात दोन वर्षे सुखाने नांदत होते, आणि कामावर होते तेच. पन्नास ग्रॅमखालचे सारे शून्य धरावे, असा त्याचा हुकूम. वर टीप: ‘प्रात्यक्षिकापुरते. उद्या काढते.’ खाली मॅडमची आद्याक्षरे.

“मॅडम, जरा बघता?”

मॅडमनी वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मजकूर बदलला नाही.

“पंख्याच्या वाऱ्यानं रिकामा काटा हलत होता गं,” त्या हळूच म्हणाल्या. “पाहुणे समोर बसलेले...”

“आणि तो उद्या कधी उजाडणार होता, आत्या?”

“कचेरीत मॅडम म्हण.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असे: “भाषा बरी आहे, राहू दे. तो एडिटर मात्र अगदीच बिनकामाचा!”

धाकटीने खोटे कलम पुसले, चौथ्या मॉड्यूलला नारळ दिला, काट्यावर पाकीट ठेवले आणि पडद्याकडे बघण्याआधी उठून पंखा बंद केला.