ताईची पाच दुकानं

आमच्या नगरपरिषदेने गेल्या तीन वर्षांत विकासाला अगदी सळो की पळो करून सोडलं आहे. विकासही साधासुधा नाही, सर्वसमावेशक. म्हणजे ज्यात सगळे येतात असा. कोण कोण आलं हे मोजायचं काम माझ्याकडे. आर्थिक विकास विभागात आम्ही तिघं आहोत: साहेब, मी आणि प्रिंटर. तिघांपैकी साहेबांना नाही म्हणायची हिंमत फक्त प्रिंटर करतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. शहरात नवा व्यवसाय सुरू झाला की तक्त्यात एक ओळ वाढते. नाव, पत्ता, सुरू झाल्याची तारीख. पूर्वी बंद झाल्याच्या तारखेचाही रकाना होता, पण तो कागदावर मावेना, आणि कागद आडवा घेतला तर फायलीबाहेर डोकावायचा. शेवटी मीच तो रकाना काढून टाकला. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून आमच्या हद्दीत एकही व्यवसाय बंद पडलेला नाही.

आता माझ्या थोरल्या बहिणीविषयी. मेहुणे गेल्यापासून ताई बॅगा दुरुस्त करते. तुटलेली चेन, निखळलेलं चाक, उसवलेला पट्टा, काहीही. आधी ती शाळेच्या फाटकाशी मशीन घेऊन बसायची. मुलं बॅगा फाडण्यात पटाईत, त्यामुळे बरं चाललं होतं. मग पदपथ सुशोभित करायचा ठरला आणि ताई त्या शोभेत बसेना. ती बाजाराच्या मागच्या बाजूला गेली. तिथे पार्किंग झालं. मग वाचनालयाच्या जिन्याखाली. तिथे जिन्याचं उद्घाटन करायचं निघालं, जिना चाळीस वर्षांचा असला तरी. शेवटी बसथांब्याच्या कोपऱ्यावर तिला जागा मिळाली.

ती हलली की मी नियमाप्रमाणे नवी ओळ लिहायचो. नाव तेच, पत्ता नवा, आणि पत्ता नवा असला की व्यवसाय नवा. अशा रीतीने ताईने तीन वर्षांत चार दुकानं काढली. हे तिला सोडून सगळ्या विभागाला माहीत होतं.

प्रत्येक वेळी जागा बदलली की काही गिऱ्हाइकांची चुकामूक व्हायची. त्यांच्या दुरुस्त झालेल्या बॅगा ताईकडेच राहायच्या. मशीनबरोबर ती त्याही नव्या जागी न्यायची आणि खिळ्याला टांगायची. अशा अकरा झाल्या होत्या.

"टाकून दे ना," मी एकदा म्हणालो.

"लोकांच्या वस्तू आहेत," ती म्हणाली. "येतील शोधत."

बसथांब्यावर मात्र तिचा जम बसला. बसमधून उतरणारा माणूस आणि तुटलेली बॅग हे दोन्ही एकत्रच सापडतात. सकाळी टाकलेली बॅग संध्याकाळी परत. कंडक्टर लोकांना तिचा पत्ता सांगायला लागले. खूप दिवसांनी ताई तोंडभर हसताना दिसली. "आता इथून मला कुणी उठवू नये, एवढं बघ रे," ती मला म्हणाली. तिने आजवर माझ्याकडे मागितलेलं हे एवढंच.

वार्षिक अहवालाला पंधरा दिवस उरले तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. लक्ष्य पन्नास नव्या व्यवसायांचं होतं. तक्ता एकोणपन्नासावर अडला होता.

"एक," साहेब कपाळ चोळत म्हणाले. "फक्त एक. आपल्या नव्या उद्योजक केंद्रात दुसऱ्या मजल्यावर चौदा नंबरची खोली रिकामीच आहे. तुमच्या ताईंना तिथे हलवू. पंखा आहे, खिडकी आहे."

"साहेब, तिचं बसथांब्यावर चांगलं चाललंय."

"मग तिथेही चांगलं चालेल."

"फाटकी बॅग घेऊन दुसरा मजला कोण चढणार?"

"तुमचा विकासाला विरोध आहे का?" साहेबांनी अतिशय मऊ आवाजात विचारलं.

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. रकाना मी काढला, चार ओळी मी लिहिल्या, निदान पाचवी लिहिताना तरी हात आखडायला हवा होता. पण माझी बढतीची फाईल त्याच टेबलावर होती आणि मला ती दिसत होती. मी म्हणालो, "बघतो."

ताईला मी पंख्याबद्दल सांगितलं. खिडकीबद्दलही सांगितलं. तिने हातातली बॅग बाजूला ठेवली.

"तुला वाटतं मी जावं?"

"हो," मी म्हणालो.

माझ्या शब्दाखातर ती गेली. मशीन दुसऱ्या मजल्यावर चढवायला चार हमाल लागले. अकरा बॅगा तिने स्वतः नेल्या, तीन खेपांत. साहेबांनी फीत कापली, फोटो निघाला आणि तक्ता पन्नासावर गेला. महिन्याभरात चौदा नंबरला तीन गिऱ्हाइकं आली, त्यातली दोन स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला. बसथांब्याचा कोपरा एका फोन कंपनीच्या छत्रीने घेतला. ताईने मशीन घरी नेलं आणि त्यावर चादर टाकली. त्यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता.

अहवाल झकास निघाला. मुखपृष्ठावर ताई होती, मागे खिळ्याला टांगलेल्या अकरा बॅगा. त्याखाली 'भरभराट' असं छापलं होतं. मला बढती मिळाली. मी अहवालाची एक प्रत घेऊन ताईकडे गेलो. फोटो बघून तिला बरं वाटेल, अशी माझी समजूत होती. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो, याला काही मर्यादा नसावी.

तिने चष्मा लावला. फोटोवर फारशी थांबली नाही. मागची यादी उघडली आणि बोट ठेवून सावकाश वाचत गेली. शाळेचं फाटक, सुरू. बाजाराची मागची बाजू, सुरू. वाचनालयाचा जिना, सुरू. बसथांबा, सुरू. खोली नंबर चौदा, सुरू. पाचही ठिकाणी तिचंच नाव.

मी चादर टाकलेल्या मशीनकडे बघत उभा होतो. तिने यादी मिटली नाही. बोट बसथांब्याच्या ओळीवर परत आणलं आणि अगदी साध्या आवाजात, जणू भाजी निवडताना विचारावं तसं, तिने विचारलं, "पाच दुकानं आहेत माझी. त्यातलं हे एक मला देशील का?"