अजीजभाईचा अळणी रस्सा

"मीठ?"

"बराबर शे."

"खरं सांग, दोधूभाऊ. मागला रविवारले बी तू बराबर म्हणना, आनि तठे लोके लोणचंवर लोणचं मांगी ऱ्हायनात."

मी पळीतला उरलेला रस्सा पुन्हा ओठाला लावला, डोळे मिटले आणि जिभेला देवाची शपथ घातली.

"मंग टाक चिमूटभर."

अजीजभाईनं टाकलं. चिमूट त्याची, जीभ माझी. नवनीतच्या फार्महाऊसवरचा स्वयंपाक दर शनिवार-रविवारी आम्ही दोघं म्हातारे मिळून एक माणूस करत होतो. ही गोष्ट आमच्याशिवाय फक्त मागच्या दाराशी बांधलेल्या शेळीला ठाऊक होती, आणि ती बोलणाऱ्यातली नव्हती.

नवनीत म्हणजे गावच्या नात्यानं माझा पुतण्या. सारंगखेड्याच्या पुलापासून थोडं वर, तापीच्या काठाला त्याची केळी आणि पपई. पपया अशा गोड की खालून जाणारे मुंगळे चक्कर येऊन पडतात. तिथं त्यानं चार खोल्या बांधल्या, निंबाखाली लांबलचक टेबल मांडलं आणि शहरातल्या लोकांना बोलवायला सुरुवात केली. पुण्या-नाशकाचे येतात. सुरतेचे जास्त येतात, कारण त्यांच्याकडे दारूबंदी. सकाळी त्यांनी आपल्या हातानं वांगी तोडायची, मिरच्या खुडायच्या, आणि दुपारी तेच ताटात पाहून फोटो काढायचे. सोबत नाशिककडची वाईन. ती प्यायचीही एक रीत असते. ग्लास गोल गोल फिरवायचा, त्यात नाक बुडवायचं, एवढासा घोट तोंडात घोळवत आभाळाकडे पाहायचं. आमच्या गावात पिणारा माणूस एवढा विचार करत नाही, म्हणून तर तो घरी चुकीच्या दारातून शिरतो.

माझं काम गोष्टी सांगायचं. मी खोटं बोलतो असं लोक म्हणतात. मी फक्त खऱ्याला फोडणी देतो. एका साली नंदुरबारच्या मिरच्या वाळवायच्या पथाऱ्यांवरून असा वारा सुटला की सुरतेची पॅसेंजर शिंकत शिंकत उधन्याला पोचली आणि इंजिनाला रुमाल बांधावा लागला, हे मी शपथेवर सांगतो. पाहुणे हसतात, नवनीत खूश होतो, मला दोन वेळचं जेवण मिळतं.

अजीजभाईला मात्र कुठली फोडणी द्यायची गरज नव्हती. शहाद्यापासून अक्कलकुव्यापर्यंत मोठ्या घरचं लग्न ठरलं की नवरदेवाच्या आधी त्याची तारीख विचारायचे. पुढे तयार जेवणवाले आले, रंगीत टोप्या घातलेली वाढपी पोरं आली, आणि त्याच्या भट्ट्या विझल्या. नवनीतनं त्याला इथं आणलं तेव्हा तो नव्या नवरीसारखा एकेक डबा उघडून पाहत होता. त्याला पुन्हा एक चूल मिळाली होती.

आणि मागल्या वर्षी ताप आला. ताप आठवड्यात गेला, पण जाताना चव आणि वास दोन्ही सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती काही आली नाही.

"बावर्चीनी जीभ गयी हाई समजनं ना," त्यानं मला सांगितलं होतं, "ते माले भांडा घासाले बी कोन्ही बलावाव नही."

लगेच रमजान लागला म्हणून त्या वेळी निभावलं. रोजा असला की तो चाखत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण ईद झाल्यावर काय? तेव्हा त्यानं तोड काढली. तरुणपणी लग्नांच्या भट्ट्यांपायी किती रोजे सुटले होते, ते आता फेडायचे. कधी? शनिवारी आणि रविवारी. नवनीतची बायको काजल तर त्याला वाकून नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, "अजीजभाई, भारी थाप मारी. मन्हाबी डोकामा उनी नसती."

तो चिडला. "थाप काय? मी खरंच रोजा ठेवस. झूठ बोलनं ते बोलनं, वर रोजानं झूठ?"

म्हणजे हा बाबा जीभ गेल्याचं लपवण्यासाठी खरोखर उपाशी राहून दिवसभर मटण शिजवत होता. खोटं बोलण्याची इतकी महागडी पद्धत मी जन्मात पाहिली नाही. तेव्हापासून मी त्याची जीभ झालो. "तू दिनभर खोटं बोलस," तो म्हणायचा, "आठे तरी खरं बोल." आणि मिठाच्या बाबतीत मी खरं बोलायचो. त्रास व्हायचा, पण बोलायचो.

यंदा बकरी ईद शनिवारी आली आणि रविवारी दामिनीबाई आल्या. पुण्याच्या. वाईनबद्दल आणि खाण्याबद्दल फोनवर लिहितात, आणि त्यांनी लिहिलं की माणसं गाड्या काढतात. नवनीत आठ दिवसांपासून नव्या शर्टाची घडी मोडायचा आणि पुन्हा घालायचा. बाईंची एकच अट होती. स्वयंपाक करणाऱ्यानं आमच्यासोबत बसायचं, पहिला घास त्याचा.

काजल स्वयंपाकघरात आली ती हसतच, असं अजीजभाईनं मला नंतर सांगितलं. "चाचा, आज ते रोजा नही ना."

नव्हताच. ईदला आणि पुढचे तीन दिवस रोजा ठेवायचा नसतो, हे आमच्याकडे शेजारपाजारच्या पोरांनाही माहीत. काजलनं अजीजभाईच्या हातातली पळी घेतली.

"हातपाय धुई ल्या, पांढरा कुर्ता घाला. लोके बसनात. रस्सा मी लई जास."

मला तर तिनं सकाळपासूनच पाहुण्यांत बसवलं होतं. मागच्या दाराशी जायची सोयच नव्हती. आणि काजलच्या गळ्यात माळ. ती मटण चाखणं सोडा, पातेल्याकडे मान वळवून पाहत नाही.

निंबाखाली सगळे बसले. बाईंच्या शेजारी अजीजभाई, पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात, समोर वाईनऐवजी लिंबूपाणी. रश्श्यावर काळी-तांबडी तर्री अशी चढली होती की तिच्यात निंबाची पानं दिसत होती. त्यानं कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी मोडली, बुडवली, बिस्मिल्ला म्हणून घास घेतला, सावकाश चावला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"करा शुरू," तो म्हणाला. आणि दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

मीही बुडवली भाकरी.

मिठाचा कण नव्हता. मसाला होता, मटण होतं, पण दोघांची ओळख कोणी करून दिलेली नव्हती. काजलनं घाई केली आणि अजीजभाईचं टाकायचं राहून गेलं. जीभ असती तर तिनंच आठवण करून दिली असती. सुरतेचे एक शेठ भाकरी हातात धरून टेबलावर काहीतरी शोधत होते. बाईंच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. नवनीत पलीकडे वाईन ओतत होता, त्यानं अजून काही खाल्लं नव्हतं. अजीजभाईची अर्धी भाकरी संपली होती.

"आता कोणी तरी मागा," मी म्हणालो.

"काय मागायचं, आबा?" बाईंनी विचारलं.

"मीठ. तुम्हाला नवनीतनं सांगितलं नाही का? आमच्या तापीकाठची चाल आहे. नव्या पाहुण्याला पहिल्यांदा अळणी वाढायचं. त्यानं आपल्या तोंडानं मीठ मागायचं आणि रांधणाऱ्यानं आपल्या हातानं घालायचं. मग तो पाहुणा राहत नाही, घरचा होतो."

नवनीतच्या हातातली बाटली थांबली. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. एकदा सुटलेली गोष्ट मागं बघत नसते.

"माझ्या आज्याच्या वेळी एक दरोडेखोर वाटसरू बनून आमच्या पंगतीला बसला. पाच भाकरी अळणी खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण मीठ मागेना. का? मागितलं असतं तर त्या घरात चोरी करता आली नसती. आजीनं तेवढ्यावरून ओळखला आणि सांडशीनं त्याचा कान धरला. तो कान पुढं कितीतरी वर्षं लांबच राहिला. माणूस नंतर सुधारला, सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे विकायचा, आणि घोडेसुद्धा त्याच्या कानाकडे बघून लाजायचे."

टेबल हसलं. बाईंनी ताट थोडं पुढं केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चाचा, मला मीठ द्या."

अजीजभाई उठला. काजलनं वाटी आणून दिली. त्यानं एकेका ताटात आपल्या हातानं मीठ घातलं, रस्सा ढवळून दिला. शेवटी माझ्यापाशी आला, माझ्याही वाटीत घातलं, पण वर पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर तो मागच्या ओट्यावर बसला होता.

"जरासं तरी व्हतं ना?"

"व्हतं ना रे थोडं."

"दोधूभाऊ."

"नव्हतं," मी म्हणालो. "कणभर नव्हतं."

त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. "मी आख्खी भाकर खादी. बठ्ठा लोकेसना समोर. माले समजनं बी नही."

बाईंनी लिहिलं. काय लिहिलं मला कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यापासून येणारा प्रत्येक जण गाडीतून उतरतानाच विचारायचा, ती मिठाची पंगत केव्हा? नवनीतनं तांब्याची नक्षीदार वाटी आणली. "आबा, इतली जुनी चाल, आनि माले कधी सांगी नही?" मी म्हटलं, "इसरी गयथू." आता सगळंच सोपं झालं होतं. मीठ घालायचंच नाही, मग कमी-जास्त होणार कसं? रोजे नकोत, मी नको. माझ्यासारखा हुशार माणूस साऱ्या खान्देशात नाही असं मी दोन-तीन आठवडे मानत होतो.

फक्त अजीजभाई आता माझ्यासमोर पळी धरत नव्हता. पाहुण्यांच्या मागं वाटी घेऊन उभा राहायचा, लग्नात बँडवाले उभे राहतात तसा.

एका रविवारी अक्कलकुव्याचा मुजफ्फर आला. लाकडाचा व्यापारी, सुरतेच्या गिऱ्हाइकांना घेऊन. त्यानं एक घास खाल्ला आणि हात थांबवला. नवनीत दरोडेखोराची गोष्ट सांगत होता, माझ्यापेक्षा वाईट. मुजफ्फरनं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "अजीजभाई, मन्हा लगीनमा तुन्हा हातनं खाईसन लोके बोटे चाटत घर गयात. आज माले तू अळनं वाढस?"

अजीजभाईनं त्याच्या ताटात मीठ घातलं.

पुढल्या रविवारी पंगत बसली, रस्सा वाढला गेला. नवनीतनं गळा साफ केला. तेवढ्यात सुरतेच्या एका बाईनं घास घेतला होता.

"लेकिन इसमें तो नमक है," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती. तिनं लगेच दुसरा घास घेतला.

नवनीत वळला. "चाचा?"

"टाकं मी."

"पन आपली चाल..."

"चाल दोधूभाऊनी शे. मन्ही नही." अजीजभाईनं तांब्याची वाटी टेबलाच्या कडेला ठेवली. "मन्ही जीभ गयेल शे, नवनीतभाऊ. मागला बरीसना तापमा. चव नही, वास नही. तुले सांगं नही, ते मन्हं चुकनं. आते तू ठेव नहीते काढ. पन अळनं रांधाव नही मी."

पाहुण्यांना अहिराणी कळली नाही. त्यांना वाटलं, मालक आणि स्वयंपाकी आणखी भाकऱ्यांचं बोलत आहेत. ते खात राहिले.

"मंग मीठ कोन्ही चाखं?" नवनीतनं विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. या खेपेला मला कोणी विचारलं नव्हतं.

"कोन्हीच नही," अजीजभाई म्हणाला. "हातनी टाकं."

नवनीतनं मला एखादी गोष्ट सांगायला सांगितली असती तर बरं झालं असतं, पण माझ्याकडेही तेव्हा एकही नव्हती. मग पाहुणे उठेपर्यंत कधी न बसणारा तो माणूस खुर्ची ओढून पंगतीत बसला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. अजीजभाईनं वाढलं. नवनीतनं भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि खाली मान घालून खायला लागला.

मी माझ्या जागेवरून चाखला. जरा जास्त पडलं होतं. फार नाही, पण मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

नवनीतनं भाकरी संपवली, पेलाभर पाणी प्यायला. दुसरी भाकरी घेतली. अजीजभाई पळी घेऊन त्याच्यासमोर उभा होता. त्याच्या ताटाकडे नाही, तोंडाकडे पाहत होता. नवनीतनं पुन्हा पाण्याच्या तांब्याकडे हात नेला तेव्हा अजीजभाईची बोटं पळीच्या दांड्यावर जरा जवळ आली, चिमूट धरावी तशी.

"इतलंसं जास्ती व्हयनं," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्यानं वाकून नवनीतच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.