बाप जिवंत असताना
ऑपरेशनच्या दिवशी सकाळी न्हावी वस्तरा घेऊन मगनच्या खाटेपाशी आला आणि त्याच्या बापाचं, उखर्डू आबांचं, डोकंच फिरलं.

"तुना बाप मरना का?" ते ओरडले. "मी आजून जित्ता शे! आनि तू मिशी उतारस?"

धुळ्याच्या दवाखान्यातला अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. बाप गेल्यावरच मिशी काढायची, हा रिवाज नर्सलाही ठाऊक होता. ती म्हणाली, "आबा, डॉक्टर वरच्या ओठाच्या आतून चिरा देऊन गालाच्या हाडामागे साचलेला सायनसचा पू काढणार आहेत. तिथे केस चालत नाहीत."

"मग ऑपरेशनच नको. चाल घर!" आबांनी मगनचा दंड धरला.

मगनने हात झटकला. खाली वाकलं की कपाळात घण बसायचे. चार वर्षं त्याने ते सोसलं होतं, आणि चार वर्षं आबा त्याला ओव्याचा शेक घ्यायला सांगून वर कामचुकार म्हणत होते. उपाशी पोटी तो सगळा संताप उसळला.

"मना जीव गया तरी चाली, पन तुमना मान राहाले पाहिजे!" तो किंचाळला आणि न्हाव्याकडे वळला. "करा हो भाऊ, सुरू करा."

आबा तोंड फिरवून खिडकीशी उभे राहिले. वस्तरा फिरला. स्ट्रेचर दाराशी पोचलं तरी त्यांनी मागे पाहिलं नाही. मगनचाही राग उतरला नव्हता. तेवढ्यात आबा पाठमोरेच गुरगुरले, "त्या डॉक्टरले सांग, नीट कर म्हना. परत मिशी नही उतारू देसू मी."