भाता गोपाळरावांचा, बोटं इंदिराबाईंची

मी बाजाची पेटी बोलतेय. आजवर कुणी भाता मारल्याशिवाय माझ्यातून सूर निघाला नाही. आज मात्र आपली आपण बोलते आहे, तेव्हा आवाज जरा घोगरा लागला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पुण्याचा. सागवानी अंग, पितळेचे सूर आणि पुढच्या बाजूला चार खुंट्या. त्यांतली एक नुसती शोभेची होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. १९१७ साली लोणावळ्याच्या मालधक्क्यावरचे कारकून गोपाळराव मला गाडीत मांडीवर घेऊन आपल्या घरी आले. नवीन लग्न झालेलं. घरी आल्या आल्या पत्नीला, इंदिराबाईंना, समोर बसवून ते वाजवू लागले.

खोटं कशाला बोलू? गोपाळराव माणूस देवासारखा, पण त्यांच्या बोटांना सूर सापडत नसे. सा म्हणून ते जिथे बोट ठेवत तिथे नेमका सा नसे. दोन महिने त्यांनी मला झोडपलं. शेजाऱ्यांचा कुत्रा दिवेलागणीला घर सोडून स्टेशनवर जाऊन बसू लागला.

एकदा दुपारी इंदिराबाईंनी धुणं वाळत घातलं, पदराला हात पुसले आणि माझ्यापुढे बसल्या. नवऱ्याला जे पद दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते त्यांनी अर्ध्या तासात काढलं. गोपाळराव काही कामाने लवकर घरी आले होते. दारातच उभे राहून त्यांनी ते सगळं ऐकलं. मला वाटलं, आता पेटी फळीवर जाणार. पण ते चपला काढून आत आले, माझ्या पाठीमागे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तू दोन्ही हातांनी वाजव. भाता मी मारतो."

तेव्हापासून ते दोघं माझ्या दोन बाजूंना समोरासमोर बसू लागले. मात्र खिडकी लावून. घरंदाज बाई पेटी वाजवते म्हटलं की लोक काय काय बोलत, ते त्या काळात वेगळं सांगायला नको. त्यामुळे आळीत 'पेटीवाले' म्हणून नाव झालं ते गोपाळरावांचं. दर रामनवमीला कीर्तनाच्या साथीसाठी त्यांना बोलावणं यायचं आणि दर रामनवमीला त्यांच्या बोटाला काहीतरी व्हायचं. कधी वॅगनच्या दारात चेमटलं, कधी विंचू चावला. एका वर्षी तर तेच बोट पुन्हा चेमटलं.

खरी गोष्ट ठाऊक होती ती एकट्या सरुबाईला. ती भाजे गावाहून दूध घेऊन मागच्या दाराने यायची. एकदा तिने विचारलंच, "आक्का, वाजवताय तुमी आन् नाव निघतंय भाऊंचं, ह्ये कसं वो?"

"सरुबाई, दूध मापा," इंदिराबाई म्हणाल्या.

पुढे बाळ झाला, मग पद्मजा झाली. त्या दोघांचं लहानपण माझ्या आजूबाजूला गेलं. आईवडिलांचं बिनसलं की मुलांना ते आधी माझ्यावरून कळे. गोपाळराव रुसले की ऐन रंगात भाता सोडून द्यायचे आणि सूर हळूहळू मान टाकायचा. इंदिराबाई रुसल्या की त्या इतक्या भराभर वाजवायच्या की भाता मारून गोपाळरावांना धाप लागायची.

लोणावळ्याच्या धुक्याने माझे पुष्कळ हाल केले. एका वर्षी माझा वरच्या सप्तकातला रिषभ साफ मुका झाला. कारागिराला बोलवावं तर तो म्हणणार, कोण वाजवतं त्यांनी वाजवून दाखवा. पुण्याला पाठवावं तर तेवढे दिवस घर मुकं राहणार. मग गोपाळरावांनी आपल्या परीने तोड काढली. तो सूर आला की भाता मारता मारता ते स्वतःच 'हूं' म्हणायचे. गाणं जिन्याच्या पायऱ्या चढत वर जायचं आणि वर पोचल्यावर विहिरीतून आल्यासारखा आवाज यायचा, हूं.

मुलांना वाटलं, गाणं असंच असतं. बाळने शाळेच्या प्रार्थनेत हुंकार भरला आणि छडी खाल्ली. घरी येऊन तो म्हणाला की मास्तरांना चाल नीट येत नाही. पद्मजाचा गळा आईच्या बोटांसारखा गोड होता. पण तीही त्या जागेवर आली की हनुवटी छातीला टेकवून बापाच्या आवाजात 'हूं' म्हणायची आणि पुढे जायची.

१९३६ साली पद्मजाला बघायला तळेगावहून मंडळी आली. नवरामुलगा शाळेत शिक्षक. त्याचे वडील नरहरपंत गाण्याचे मोठे शौकीन आणि त्याहून मोठे चिकित्सक. आई द्वारकाबाई कोपऱ्यात गप्प बसलेल्या. नरहरपंतांनी मला पाहिलं आणि गोपाळरावांना म्हणाले, कन्येला साथ तुम्हीच करा. गोपाळरावांनी फडक्यात गुंडाळलेलं बोट पुढे केलं. ते त्यांनी सकाळीच गुंडाळून ठेवलं होतं.

पद्मजा साथीशिवाय गायला बसली. तो हुंकार काढू नकोस, असं इंदिराबाईंनी तिला आठवडाभर बजावलं होतं. सुरुवात छान झाली. नरहरपंत मान डोलवू लागले. गाणं वर चढलं, आणि घाबरलेल्या पोरीची हनुवटी आपोआप छातीला टेकली.

"हूं."

नरहरपंतांची मान जागीच थांबली. दुसऱ्या कडव्यात तेच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा नवऱ्यामुलाने रुमाल तोंडाला लावला. गाणं संपल्यावर नरहरपंतांनी हळू आवाजात विचारलं, "मुलीला दम्याचा काही त्रास? इथली हवा दमट. मोकळेपणानं सांगा."

पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारी मुलगी म्हणून एकदा नाव झालं की ते तळेगावपासून पुण्यापर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नसते. गोपाळरावांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षं जपलेली अब्रू त्या फडक्यासकट बोटावरून सोडली.

"तिला काही नाही," ते म्हणाले. "तो हुंकार माझा आहे. पेटी हिची आई वाजवते. मी नुसता भाता मारतो."

आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. इंदिराबाई पोह्यांचा हात धुऊन आल्या. बसताना त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की बाकीच्यांना कळलं नसेल, पण मी दोघांच्या मध्ये होते. मग त्यांनी तेच पद वाजवलं, खिडकी उघडी ठेवून. वरची जागा आली, गोपाळरावांनी लाल कानांनी 'हूं' केलं, आणि नरहरपंत इतके हसले की त्यांची पगडी लोडामागे जाऊन पडली. दाराबाहेर आळीतली आठदहा माणसं उभी होती. त्यांतल्या कीर्तनकारबुवांनी बोटाची चौकशी केली.

लग्न ठरलं. द्वारकाबाई निघताना इंदिराबाईंच्या जवळ आल्या आणि अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती दिवसांत येतं हो हे?"

पाठवणीला गोपाळरावांनी मला मुलीबरोबर दिलं. तळेगावात नरहरपंतांनी हौसेने माझा रिषभ दुरुस्त करून घेतला. पद्मजाने वाजवून पाहिलं आणि तो खणखणीत वाजताच तिने हात उचलले. सासऱ्यांना छान झालं म्हणाली. आत जाऊन तिने बापाला कार्ड लिहिलं की रविवारी या, आईला घेऊन या, पेटी बरोबर लागत नाही.

आता १९४१ साल चालू आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, एका खुंटीची मूठ नातवाने गिळली होती, ती परत बसवली आहे. तिसऱ्या प्रहरी घरात निजानीज झाली की द्वारकाबाई माझ्यापुढे येऊन बसतात. वय पंचावन्न. पद्मजा शेजारी बसून एकेक बोट धरून दाखवते. सून आणि गुरू अशी दोन्ही नाती सांभाळताना तिची तारांबळ उडते. पाच वर्षांत आरोह आला आहे. अवरोहाचं अजून काही सांगवत नाही. नरहरपंत माजघरात डोळे मिटून पडलेले असतात. चूक झाली की त्यांचा पाय थरथरतो, पण ते तोंडातून अक्षर काढत नाहीत.

तेव्हा तुम्हांला एवढंच सांगणं आहे. तळेगावात दुपारचे कधी आलात आणि आमच्या खिडकीतून वेडेवाकडे सूर ऐकू आले, तर हसू नका आणि थांबूही नका. बाई लाजून उठतात. मग उरलेली दुपार मला नुसतं बसून काढावी लागते.