घोरणारा नायक

जगदेव मास्तरांचा फायदा तसा साधाच होता. कादंबरी वाचून दाखवायची; तेवढा वेळ बायको जवळ बसायची, आल्याचा चहा न मागता यायचा, आणि लग्न जुनं होऊनही गोमतीबाई "मंग काय झालं वो?" म्हणत त्यांच्याच तोंडाकडं बघायची. इतक्या स्वस्तात बायकोचं लक्ष किन्हीराजा गावात दुसऱ्या कुणाला मिळत नव्हतं.

गोमतीबाईला अक्षरओळख नव्हती, पण मत पक्कं होतं. मास्तर मोटारीनं तालुक्याला जाऊन मालेगावच्या वाचनालयातून नवी कादंबरी आणत आणि शाळा सुटल्यावर ओसरीवर वाचत. शेजारची हलिमा शेंगा फोडत ऐके. शेवटी निकाल गोमतीबाईचा. "यातली बाई नुसती रडून राह्यली. चूल कोन पेटवते, त्याचा पत्ता नाही. वाचू नोका कोनी." गावातली वाचणारी मंडळीसुद्धा तिला विचारून पुस्तक उचलत. इथवर मास्तरांना चाललं.

मग एका कादंबरीतून डॉक्टर मुकुंद आला. पुण्याचा, सतार वाजवणारा, बायकोचं डोकं दुखलं तर स्वतः कपाळ चेपणारा.

"याले म्हंते कादंबरी!" गोमतीबाई म्हणाली. "हलिमा, तुह्या घरच्यानं कपाळ दाबलं का कधी?"

"गळा नाही दाबला, तेच लय झालं."

दोघी हसल्या. मास्तर हसले नाहीत. ओसरी त्यांची, घसा त्यांचा, मोटारीतले धक्के त्यांनी खाल्लेले. आणि कौतुक मुकुंदाचं!

दुसऱ्या दिवसापासून मुकुंद बिघडू लागला. पुस्तकात तो सतार घेऊन बसे, ओसरीवर तपकीर ओढी. पुस्तकात बायकोसाठी मोगरा आणी, ओसरीवर मीठ कमी म्हणून ताट सरकवी आणि जेवण झालं की घोरे. मास्तर डोळे ओळींवरून फिरवत, पानही वेळेवर उलटत. सांगत मात्र मनचं.

गोमतीबाईनं थोडं ऐकलं आणि उठली.

"काहून उठली? पुढचं नाही ऐकत?"

"काय ऐकू? असा एक घरी हाये ना मले!"

हे मास्तरांना लागलं, पण मुकुंद संपला याचं समाधान जास्त होतं. हलिमाला मात्र शेवट हवा होता. मास्तर शाळेत असताना ती पुस्तकासकट गोमतीबाईला ओढत नव्या नर्सबाईंकडं, ललिताबाईंकडं घेऊन गेली. बाई वाचू लागल्या. सतार वाजली, मोगरा आला.

"बाई, तो घोरते कधी?" गोमतीबाईनं विचारलं.

ललिताबाईंनी पानं मागंपुढं चाळली. "कोण? यात कुणीच घोरत नाही."

गोमतीबाईनं हलिमाकडं पाहिलं. हलिमानं पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळी मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंग, कशी काय कादंबरी?"

"कादंबरी चांगली हाये," गोमतीबाई म्हणाली. "वाचनारा खराब होता."

तेव्हापासून वाचन ललिताबाईंच्या अंगणात होतं. मुकुंदाला त्याची सतार मिळाली, हलिमाला शेवट, आणि ललिताबाईंना गोमतीबाईच्या हातचा आल्याचा चहा, तोही न मागता. नवी पुस्तकं आणायला मालेगावच्या मोटारीत धक्के खातात ते अजून मास्तरच. घरी आल्यावर चहाही स्वतःच करतात.